दहा सुया

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी नात इथे येऊन पंधरा दिवस झाले. ती मजेत आहे. मी नाही.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्यावर तू भांडतेस, म्हणून नेहमीसारखं कागदाच्या पट्ट्यांवर लिहितोय. या वेळी पुस्तकांच्या कडा कापताना निघालेल्या पट्ट्या चांगल्या जाड आहेत, शाई फुटणार नाही. बाबांसारखे नंबर घातलेत, क्रमाने वाच.

ही मुलगी पुस्तकबांधणी शिकायला आली आहे असं तू म्हणालीस, म्हणून मी होकार दिला. पण हे ध्यान साडेनऊला ओल्या केसांनी खाली दुकानात उतरतं, कानात ते बिनवायरचे खडे घालून. मी बोलत असतो, ती मान हलवत असते. खळीचा डबा कुठे ठेवायचा ते मी तीनदा सांगितलं, तिने तीनदा मान हलवली आणि दुपारी मला विचारलं की खळीचा डबा कुठे ठेवू.

जुनं पुस्तक उसवायला घेतलं की आधी प्रत्येक पानाचा फोटो काढते. आमच्या वेळी पानांच्या प्रत्येक जुडीच्या, फर्म्याच्या, कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडा टाकायचा आणि कामाला लागायचं. फोटो काढून होईपर्यंत मी तीन फर्मे शिवतो. म्हणजे शिवायचो. स्टुलावर मांडी घालून बसते. स्टूल मांडीसाठी नाही असं मी सांगितलं तर का नाही असं विचारते. ताई, इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

परवा ग्रंथपालबाई आल्या होत्या. गेली चाळीस वर्षं मी त्यांच्या ग्रंथालयाला तपकिरी कापड लावतोय, एकाही पुस्तकाने तक्रार केली नाही. तुझी नात त्यांना म्हणाली की कपाटं बघून झोप येत असेल, पिवळं लावून बघा. बाई एवढ्या खूश झाल्या की जाताना मला नमस्कार करायला विसरल्या. आजकालच्या मुलांना कुठे बोलायचं आणि कुठे नाही याची काही पोचच नाही. आपण बाबांसमोर मान वर करत होतो का?

आणि ती मला माजो म्हणते. मामाआजोबा म्हणायला फार वेळ जातो म्हणे. आजकालच्या पिढीला एवढा वेळ वाचवून जायचं कुठे असतं, ते तिलाच विचार.

शिवण म्हणशील तर... जाऊ दे. पट्टी संपली.

तब्येतीला जप. लोभ आहेच, माझं रडगाणं ऐकून तो कमी करू नकोस.

तुझा,
भाऊ


ता. ९ मार्च

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र भिंग लावून दोनदा वाचलं. एकदा मजकुरासाठी आणि एकदा मोजण्यासाठी. ‘आजकालच्या’ दोनदा, ‘आमच्या वेळी’ एकदा आणि बाबांचा दाखला एकदा. पंधरा दिवसांच्या मानाने प्रगती चांगली आहे.

दुकानामागचा जिना आठवतो का? बाबांची फिर्याद सुरू झाली की आपण दोघं तिथे जाऊन बसायचो. तू त्यांची नक्कल करायचास, चष्मा नाकावर ओढून, आणि मी फ्रॉक तोंडात कोंबून हसायची. तिथेच आपलं ठरलं होतं की आपल्यापैकी जो पहिला असं बोलायला लागेल, त्याने दुसऱ्याला ‘मी म्हातारा झालो’ असं सहीनिशी लिहून द्यायचं. तेव्हा तू दहा वर्षांचा होतास आणि ही वेळ येणार नाही याची तुला खात्री होती. मी कागदाची वाट बघते आहे. पट्टीवर लिहिलंस तरी चालेल.

माझ्या उजव्या डोळ्यावर पडदा आलाय, पुढच्या महिन्यात काढतील. तपासायच्या खोलीत एक मुलगा आला, मिसरूडही न फुटलेला. मी त्याला म्हटलं की बाळा, डॉक्टरांना बोलाव. तर तोच डॉक्टर. ही तक्रार नाही हं, माहिती आहे. पण डोळ्यात सुरी घालायची तर ती धरणाऱ्याने निदान दाढी केलेली असावी, एवढं मला वाटतं.

या डोळ्यांपायी परवा पत्रांचा डबा फळीवरून पाडला. मी लग्न होऊन इकडे आल्यापासूनच्या बाबांच्या पट्ट्या आणि तुझ्या पट्ट्या जमिनीभर झाल्या. तुम्ही दोघांनी कधी साल घातलं नाही, लावायच्या कशा? तशाच गोळा करून कोंबल्या आहेत.

आता कामाचं. पोरीला तीन महिन्यांसाठी पाठवली आहे. कॉलेज सोडून हेच शिकायचं म्हणाली तेव्हा तिच्या बापाने आठवडाभर अबोला धरला होता. तू नको म्हटलंस की त्याच्या ऑफिसातली खुर्ची तयारच आहे. तिला ती नको आहे. माझ्याजवळ रडली होती, हे तिला कळू देऊ नकोस. तेव्हा बाबा रे, जरा सबुरीने घे.

स्वतःच्या थकलेल्या जिवाला वेळेवर जेवायला घालत जा. माया आहे तशीच आहे.

तुझी,
ताई


ता. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी म्हातारा झालेलो नाही, त्यामुळे लिहून द्यायचा प्रश्न येत नाही. मी फक्त बरोबर बोलतो आहे. बाबाही बरोबरच बोलत असावेत असं हल्ली वाटायला लागलंय.

पोरीचं मी ठरवलं आहे. महिनाअखेर तिला परत पाठवतो. उगाच तीन महिने कशाला घालवायचे तिचे? काल एका वकिलांचं जाडजूड पुस्तक झालं, पाठीवर मी स्वतः सोनेरी अक्षरं उठवली. ते न्यायला आले तेव्हा ही त्यांच्यासमोर म्हणाली की माजो, नाव तिरकं आलंय. तिरकं होतं, हा मुद्दा नाही. चारचौघांत मालकाची अशी चूक काढायची का? वकील हसले आणि पुस्तक ठेवून गेले. मी ते पुन्हा केलं, म्हणजे तिने केलं, कारण माझा चष्मा काल नीट बसत नव्हता.

माझ्यामागे दुकान चालायला हवं असं तुला वाटतं, मला कळतं. पण चालवणारं माणूस ऐकणारं तरी हवं. हे ध्यान ऐकत नाही. तुझं मत कळव, पण पटवायच्या भानगडीत पडू नकोस.

तीन पट्ट्या आहेत. डोळ्यांना ताण देऊ नकोस, कुणाकडून तरी वाचून घे. आहे तसा लोभ राहू दे.

तुझा,
भाऊ


ता. २० मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

वाचून कुणाकडून घेऊ? घरात सगळे कानात खडे घालून असतात. मीच वाचलं, उजेडाला धरून. तुझं अक्षर दिवसेंदिवस बाबांसारखं होत चाललंय. तुझ्या पट्ट्या मी आल्या तशा डब्यात टाकल्या होत्या. दोन नंबरची जरा मळलेली होती आणि मागे दुसरा कागद चिकटला होता. खळीच्या हातांनी लिहीत जाऊ नकोस.

वकिलांचं समजलं. पण त्या दोन नंबरच्या पट्टीवर तू जे काय लिहिलं आहेस, ते वाचून मी कपाळाला हात लावला. ध्यान दिवसभर शीळ घालतं म्हणतोस. घालू दे की. तूच नव्हतास का बाबांना शिळेने वैताग आणणारा? खळीत पाणी जास्त घालतं म्हणतोस, तर घट्ट कर.

आणि सुयांचं काय घेऊन बसलास? सकाळी तू खाली यायच्या आत दहा सुया ओवून ठेवतं, तर त्यावर ‘मला आंधळा समजतं का’ म्हणून तणतणायचं? अरे, कुणी न सांगता तुझं काम हलकं करतंय. माझ्या घरात मला कुणी सुई ओवून दिली तर मी त्याची दृष्ट काढीन. मुकाट्याने त्या सुया वापर.

तिला परत पाठवू नकोस, हे माझं मत. पटवत नाही, सांगते आहे.

राग आला असेल तर चहा पी. मोठ्या बहिणीचा लोभ असाच असतो.

तुझी,
ताई


ता. २४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुयांचं मी तुला लिहिलंच नव्हतं. एका अक्षराने नाही. शिळेचंही नाही. ती शीळ घालत नाही.

आता समजलंच आहे तर ऐक. मला सुई ओवता येत नाही, ताई. वर्ष झालं. सकाळी दुकान उघडायच्या आधी दाराच्या उजेडात उभा राहायचो, दोरा ओला करायचो, चष्मा काढायचो, घालायचो. एका सुईला पंधरा मिनिटं. मग दिवसभर त्या एकाच सुईत लांबच लांब दोरा घेऊन शिवत बसायचं आणि तो गुंतला की दोऱ्याला शिव्या द्यायच्या. हे कुणाला सांगितलं नव्हतं. पोरगी आली, आणि दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी पाहतो तर सुयांच्या उशीवर दहा सुया ओवून टोचलेल्या. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. वापरल्या.

तुझं पत्र आलं आणि माझं डोकंच फिरलं. माझ्या डोळ्यांची बातमी तिने तुला कळवली, वर मी आंधळा म्हणून तणतणतो असंही लिहिलं, असं मला वाटलं. अजून वाटतं. नाहीतर तुला कळणार कसं? मी तिला विचारलं. ती म्हणाली की आजीला तिने एक ओळही लिहिलेली नाही. मी म्हटलं की खोटं बोलू नकोस, माझ्या दुकानात चुगलखोर माणूस नको. तिने कानातले खडे काढले, टेबलावर ठेवले आणि वर निघून गेली. खडे काढलेली मी तिला पहिल्यांदाच बघितली.

रविवारी सकाळच्या गाडीचं तिकीट तिने स्वतःच काढलं आहे. बॅगही भरली. दुकानात येते, झाडते, पुस्तकं दाबात ठेवते. पण सुयांची उशी रिकामी आहे. दोन दिवसांत मी एक फर्मा शिवला, तोही वाकडा.

मला पाठवायचीच होती तिला, आता ती आपणहून जाते आहे. मग मला बरं वाटायला हवं. वाटत नाही.

तुझा,
भाऊ


ता. २४ मार्च

ति. आजी,
सा. न. वि. वि. (माजोंच्या पत्रावरून ढापलं. अर्थ तू सांग.)

तू फोनवर मला बोलूच देत नाहीस म्हणून मी पण पट्टीवर लिहितेय. पेनाने इतकं लिहिताना बोट दुखतंय. तरी मला लिहिता तरी येतं. माझ्या धाकट्या भावाला दहा ओळी लिहायला सांग, रडेल. आमच्या वेळी शाळेत निदान शुद्धलेखन तरी घालायचे.

आजी, मी चुगली केली नाही. मी तुला सुयांचं कधी सांगितलं का, तूच माजोंना सांग. एकदा मी लवकर उठून खाली आले तेव्हा ते दारात उभे होते, सुई डोळ्यासमोर धरून. मी तशीच पावलं न वाजवता परत वर गेले आणि साडेनऊला उतरले. त्यानंतर मी रोज सहाला उठून सुया ओवायचे, परत वर जायचे, अंघोळ करायचे आणि साडेनऊला खाली यायचे. मी उशिरा उठते असं त्यांना वाटलं तरी चालेल, पण मी बघितलं हे कळायला नको होतं.

माझं चुकलं ते वकिलांसमोर. तिथे तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण चुगलखोर म्हटल्यावर मी राहणार नाही. आजकालचे म्हातारे समोरच्याचं ऐकूनच घेत नाहीत.

मला बाबांच्या ऑफिसातली खुर्ची नको आहे गं. मला तेच स्टूल हवं आहे. शिवण छान येते मला, माजो कबूल करत नाहीत, पण माझी शिवलेली पुस्तकं ते कधी उसवत नाहीत. रविवारी संध्याकाळी पोचते. जेवायला काहीही चालेल.

तुझी,
नात


ता. २७ मार्च

चि. भाऊस,
आशीर्वाद, आणि माझे कान धर.

तीनदा फोन लावला, तू उचलत नाहीस. पोरीने तर बंदच करून ठेवलाय. म्हणून हे माणूस पाठवून कुरियरने धाडते आहे, शनिवारपर्यंत मिळेल म्हणतात. मिळाल्या मिळाल्या उभ्या उभ्या वाच.

पोरीचं आणि तुझं पत्र काल एकदमच आलं. ती मला काही बोललेली नाही, शप्पथ. मग मी वाचलं ते काय? ती दोन नंबरची पट्टी पर्समध्ये टाकून आज डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. त्या मिसरूड न फुटलेल्या मुलाने माझ्या नाकावर लोखंडी चौकट बसवली, त्यात एकेक काच घालत गेला आणि म्हणाला की आता काहीतरी वाचून दाखवा. मी पट्टी काढली. तिच्या मागे चिकटलेली दुसरी पट्टी त्याने नखाने अलगद सोडवली, कुठे टरकली नाही. पोराचा हात हलका आहे, उगाच बोलले मी त्याला.

त्या सुटलेल्या तीन नंबरच्या पट्टीच्या तळाशी सही होती. भाऊ, ती तुझी पट्टी नव्हतीच. बाबांची होती. आणि ते ध्यान म्हणजे तू. डबा पडल्यापासून आत सगळी सरमिसळ होती, तुझ्या पट्ट्या काढताना तुझ्या दोन नंबरच्या जागी बाबांची दोन नंबरची हाताला लागली आणि मी चाळीस वर्षांपूर्वीच्या पत्राला उत्तर देऊन मोकळी झाले. तुझी खरी दोन नंबरची डब्याच्या तळाशी सापडली.

दोन्ही पट्ट्या सोबत पाठवते आहे. तिसरीवर जे आहे ते मी तेव्हाच वाचलं होतं. बाबांनी कळवू नकोस म्हटलं म्हणून कळवलं नाही. ते गेल्यावर तरी सांगायचं, पण तोवर माझ्याच दोन पोरांच्या शाळा-परीक्षा मागे लागल्या होत्या, राहून गेलं आणि मग विसरले. याची मला लाज वाटते. माफ कर असं लिहायची आपल्याकडे पद्धत नाही, पण मी लिहिते आहे.

आधी वाच, मग वर जा आणि पोरीला थांबव.

ताई

(सोबतच्या पट्ट्या)

२. ...आमचं ध्यान दिवसभर शीळ घालतं. खळीत पाणी जास्त घालतं. आमच्या वेळी मालकासमोर खोकायचीही चोरी होती. आता एक नवीन खूळ काढलंय. मी खाली यायच्या आत दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवतं. कुणी सांगितलं होतं? मला आंधळा समजतं का? मला वाटतं याला कुठेतरी ऑफिसात चिकटवावं आणि...

३. ...असं मागच्या आठवड्यात ठरवलं होतं. ते राहू दे. सुया मी वापरतो. त्याच्याशिवाय आता मला शिवता येणार नाही, हे त्याच्या आईलाही मी सांगितलेलं नाही. पोराचा हात चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला होईल. पण हे त्याला कळवू नकोस, डोक्यावर बसेल. जावईबापूंना नमस्कार. तुझे बाबा.


ता. ३० मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

साल घातलंय, बघितलंस ना? यापुढे घालत जाईन, म्हणजे मला बाबा समजून कुणी उत्तर देणार नाही.

पाकीट काल दुपारी मिळालं. दाराच्या उजेडात उभा राहून वाचलं. दुसरी पट्टी वाचताना हसू आलं, कारण तसाच्या तसा मी. तिसरी वाचली आणि बाकावर बसलो. मी रडलो, ताई. साठीच्या माणसाने दुकान उघडं टाकून रडावं हे शोभत नाही, पण कुणी ग्राहक आला नाही.

बाबा गेले त्या आठवड्यापर्यंत मी रोज त्या दहा सुया ओवत होतो. आठ वर्षं. संध्याकाळी उशी रिकामी दिसायची, म्हणजे वापरतात हे कळायचं. पण त्यांना ते बरं वाटतं की राग येतो, हे कधीच कळलं नाही. एकदा तरी काहीतरी बोलतील म्हणून मी मुद्दाम समोर घोटाळायचो. ते म्हणायचे की शीळ बंद कर. तुझ्यावर मी रागावलो आहे. आठवडाभर रागावेन, मग बघू.

मग वर गेलो. ती भरलेल्या बॅगेवर बसली होती, अर्थात मांडी घालून. मी तिला दोन्ही पट्ट्या वाचून दाखवल्या. नंतर सांगितलं की मला दिसत नाही, तुझ्या सुयांवर माझं दुकान चाललं आहे, मी तुला खोटं पाडलं आणि माझं चुकलं. एवढं एका दमात बोललो, थांबलो असतो तर जमलं नसतं. तिने विचारलं की पणजोबा तुम्हाला कधी चुकलं म्हणाले होते का. मी म्हटलं, कधीच नाही. त्यावर ती म्हणाली की मग माझं नशीब तुमच्यापेक्षा बरं आहे. आणि नाक पुसून खाली आली.

आज सकाळची गाडी तिला न घेता गेली. आम्ही दोघं दुकानात होतो. आज दहाच्या बारा सुया दिसल्या. मी म्हटलं, दहा पुरेत. ती म्हणाली, शुक्रवारी कमी पडतात, मी बघते ना. चहा होईपर्यंत यावर वाद झाला आणि मी हरलो. सहाला उठून परत वर जायचं नाटक मात्र बंद करायला सांगितलं आहे. ती साडेनऊलाच उतरली तरी मी आता बोलणार नाही. बोललो तर मनात.

अख्खा डबा पाठवून दे. बाबांच्या आणि माझ्या पट्ट्या ती क्रमाने लावून शिवणार आहे, लांबट पुस्तक होईल. शेवटी थोड्या कोऱ्या पट्ट्या घालू म्हणते, तिच्यासाठी. पिवळं कापड लावायचं म्हणते. मी हो म्हटलं, तूही म्हण. शिवायच्या आधी प्रत्येक पट्टीचा फोटो काढणार आहे, आणि ताई, तुझ्या डब्याची हकिगत ऐकल्यावर मला वाटतं की काढू दे. त्या हलक्या हाताच्या डॉक्टरकडे माझाही नंबर लाव.

राहता राहिला जिन्यावरचा शब्द. लिहून देतो: मी म्हातारा झालो. खाली सही आहे. तुझाही कागद येऊ दे, कारण तू डॉक्टरच्या मिशांबद्दल जे लिहिलंस ती माहिती नव्हती. आणि नातीनेही विसाव्या वर्षी ‘आमच्या वेळी’ लिहिलंय म्हणे, तिनेच हसत सांगितलं. तिचा कागद मी इथेच घेतो.

आणखी एक. पोरीचा हात चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला होईल. हे तू तिला खुशाल कळव, मी तोंडावर सांगितलंच आहे. बाबांचं एवढं मात्र खरं निघालं, सांगितल्यापासून ती डोक्यावर बसली आहे. बसू दे.

लोभ असाच सालासकट असू दे.

तुझा म्हातारा,
भाऊ